दुसऱ्याच्या तोंडून

प्रिंटर अडला होता. पडद्यावर बिघाडाचा एक आकडा लुकलुकत होता आणि सोबतच्या पुस्तिकेत त्या आकड्यासमोर एवढंच छापलं होतं, 'सेवा केंद्राशी संपर्क साधा'. सेवा केंद्रात फोन कोणी उचलेना. शेवटी तो आकडा आणि प्रिंटरचं मॉडेल गूगलवर टाकलं, तर कुणा अनोळखी माणसाने काही वर्षांपूर्वी ब्लॉगवर लिहून ठेवलेली एक नोंद समोर आली. मागचं झाकण कसं काढायचं, आतल्या कुठल्या रबरी रोलरवर धूळ धरते, तो ओल्या फडक्याने पुसताना कुठे जोर द्यायचा नाही, हे सगळं त्याने फोटोंसकट लिहिलं होतं. शेवटची ओळ होती, 'एवढं करूनही तोच आकडा आला तर आतला सेन्सर गेलाय, मग उगाच खटपट करू नका.' थोड्याच वेळात कागद सुरळीत सरकायला लागले.

त्या माणसाला हे लिहून काही मिळालं असेल असं वाटत नाही. कंपनीने त्याला लिहायला सांगितलं नव्हतं, आणि वाचणारी मी कोण हे त्याला कधी कळणारही नाही. पुढे मी त्याच कंपनीचा दुसरा प्रिंटर घेतला. त्या विक्रीचं श्रेय कंपनीत जाहिरात खात्याने घेतलं असेल, नाहीतर विक्री खात्याने. ज्याच्यामुळे ती झाली त्याचं नाव त्यांच्या कुठल्याही वहीत नसणार.

ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही, कारण माझी नोकरीच ग्राहकांच्या तक्रारी हाताळण्याची आहे. इतकी वर्षं हे काम करून एक गोष्ट पक्की बसली आहे. धंद्याचं बरंवाईट ज्या बोलण्यावर ठरतं ते बोलणं बहुतेक वेळा धंद्याच्या ताब्याबाहेर चालतं. ते बोलणारे पगारावर नसतात, आणि नसतात म्हणूनच लोक त्यांचं ऐकतात. धंदेवाईकांना हे अर्धंच कळतं. त्यांना त्या बोलण्याचं वजन दिसतं, पण ते वजन कुठून येतं ते दिसत नाही. मग ते बोलणं विकत घ्यायला निघतात.

हे वजन कुठून येतं ते झेरॉक्स कंपनीला तिच्याच दुरुस्तीवाल्यांनी दाखवून दिलं. १९८०च्या दशकात त्यांच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रातले मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर हे कॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर हिंडले. आदिवासी पाड्यावर जाऊन राहणारा अभ्यासक जसं टिपण काढतो तसं त्यांनी या माणसांच्या दिवसाचं टिपण काढलं. कंपनीने तंत्रज्ञांना जाडजूड पुस्तिका दिल्या होत्या. अमुक आकडा आला तर हा भाग तपासा, ठीक असेल तर या पानावर जा, नसेल तर त्या पानावर. कंपनीच्या हिशेबी काम एवढंच होतं. प्रत्यक्षात प्रत्येक यंत्राची खोड वेगळी. कुठे खोली दमट, कुठे वापरणारे कागद चुकीचे भरणारे, कुठे आधीच्या दुरुस्तीत बसवलेला भागच सदोष.

ऑर यांनी नोंदवलेला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. एक यंत्र जो आकडा दाखवत होतं त्याचा खऱ्या बिघाडाशी मेळ लागेना. तंत्रज्ञाने आपल्याहून अनुभवी तज्ज्ञाला बोलावलं. पुस्तिकेतलं सगळं करून झालं. मग दोघं त्या उघड्या यंत्रासमोर एकमेकांना जुन्या यंत्रांच्या गोष्टी सांगू लागले. मागे एकदा असंच झालं होतं, तेव्हा आधी आवाज कसा यायचा, कुठला भाग बदलल्यावर काही काळ बरं वाटलं आणि पुन्हा कसं बिघडलं. मध्येच एखादी चाचणी, पुन्हा गोष्ट. कित्येक तासांनी निदान हाती लागलं. ती गोष्ट पुढे जेवणाच्या सुट्टीत इतर तंत्रज्ञांपर्यंत गेली आणि त्यांच्या साठ्यात जमा झाली. घड्याळ लावून बसलेल्या एखाद्या व्यवस्थापकाने पाहिलं असतं तर त्याला दोन माणसं काम टाकून गप्पा मारताना दिसली असती.

पुढे १९९०च्या दशकात झेरॉक्सने याच गप्पांना जागा करून दिली. 'युरेका' नावाची एक व्यवस्था उभी राहिली, सुरुवात फ्रान्समधल्या तंत्रज्ञांपासून झाली. ज्याला एखादी युक्ती सापडेल त्याने ती लिहायची, इतर अनुभवी तंत्रज्ञांनी तपासायची, मग ती सगळ्यांना खुली व्हायची. प्रत्येक युक्तीमागे बक्षीस द्यावं अशी सूचना आली, आणि तंत्रज्ञांनी ती धुडकावली. पैसे लावले तर लोक युक्त्यांची संख्या वाढवतील, कस नाही वाढवणार, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना हवं होतं ते एवढंच, की युक्तीखाली ती सुचवणाऱ्याचं नाव राहावं.

यात सगळं आलं असं मला वाटतं. नाव खाली असलं की चुकीची युक्ती सांगणाऱ्याची सहकाऱ्यांत पत जाते आणि चांगली सांगणाऱ्याची वाढते. पैसे न घेता नाव पणाला लावलेल्या माणसाच्या शब्दाला बाजारात मोल असतं. हे मोल जुनं आहे. अकराव्या शतकात भूमध्य समुद्राच्या काठाने व्यापार करणाऱ्या मगरिबी, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या, ज्यू व्यापाऱ्यांची पत्रं कैरोच्या एका प्रार्थनागृहाच्या कोठीत सापडली. त्यांवरून आर्थिक इतिहासाचे अभ्यासक आव्हनर ग्राइफ यांनी दाखवलं की परक्या बंदरातल्या अडत्याने फसवलं तर त्याची बातमी पत्रांतून सगळ्या व्यापाऱ्यांत फिरे आणि पुढे त्याला कोणी माल सोपवत नसे. दूरदेशीच्या कोर्टकचेरीवर विसंबायची सोय नव्हती. धाक होता तो चारचौघांत नाव खराब होण्याचा.

अशा आपापसातल्या जाळ्यांबद्दल लिहिणारे लोक पुष्कळदा भाबडे होतात आणि कंपनीने थोडं प्रोत्साहन दिलं की माणसं कंपनीसाठी झटतील असं गृहीत धरतात. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ साली १४ कामगारांच्या एका गटाचं निरीक्षण झालं. टेलिफोनच्या यंत्रणेसाठी तारा जोडण्याचं काम. जास्त काम तर जास्त पैसे, अशी गटाची मजुरी. तरी त्या माणसांनी आपसांत ठरवून टाकलं होतं की दिवसाचं रास्त काम एवढंच. कोणी त्याहून जास्त हात चालवला तर त्याला टोमणे बसत, आणि दंडावर एक ठोसाही बसे. जास्त काम दिसलं तर मालक दर कमी करतील ही त्यांची भीती होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही तोच ठराव मान्य केला असता. ओळखीपाळखीचं जाळं आपल्या माणसांचं रक्षण करतं. मालकाचं भलं झालं तर ते ओघाने होतं.

मग कंपनीबाहेरचं अनोळखी माणसाचं बोलणं आपल्यापर्यंत कसं पोहोचतं आणि का पटतं? याचं सर्वांत चांगलं उत्तर मला १९७३ साली समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी लिहिलेल्या निबंधात सापडतं. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात त्यांनी नोकरी बदललेल्या माणसांना विचारलं की ही नोकरी कळली कोणाकडून. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १६.७ टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. ५५.६ टक्के लोकांना अधूनमधून भेटणाऱ्यांकडून आणि २७.८ टक्के लोकांना क्वचितच भेटणाऱ्यांकडून. कारण उघड आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. नवी खबर येते ती लांबच्या, जुजबी ओळखीतून, जी आपल्याला दुसऱ्या वर्तुळाशी जोडते.

खबर येणं आणि ती पटणं यांतही फरक आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांनी मक्याचं संकरित बियाणं कसं स्वीकारलं याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या बियाण्याबद्दल पहिल्यांदा ऐकलं कोणाकडून, तर पुष्कळांनी सांगितलं विक्रेत्याकडून. पण लावायचं ठरवलं ते शेजाऱ्याचं ऐकून. विक्रेता माहिती देतो, आणि त्या माहितीवर शिक्का मारतो तो ज्याच्या स्वतःच्या शेतात ते उभं आहे तो माणूस.

ब्लॉगने या दोन गोष्टी एकत्र आणल्या. लांबच्या ओळखीचा पल्ला आणि शेजाऱ्याची साक्ष. १९९९च्या ऑगस्टमध्ये 'ब्लॉगर' सुरू झालं आणि ज्याला संगणकाचं काही कळत नाही अशा माणसालाही स्वतःचं लिखाण जगासमोर ठेवता येऊ लागलं. त्यात आणखी एक गुण होता ज्याचं कौतुक त्या वेळी फारसं झालं नाही. ते लिखाण जागेवर राहायचं. त्याला पत्ता होता, तारीख होती, खाली नाव होतं आणि शोधलं तर सापडत होतं. बोलणं हवेत विरतं, पत्र एकालाच जातं. ब्लॉगवरचा अनुभव मात्र त्यानंतर कधीतरी, कुठेतरी, तीच अडचण आलेल्या माणसाची वाट पाहत थांबून राहायचा.

याचा मोठा दणका बसला तो सायकलची कुलुपं बनवणाऱ्या क्रिप्टोनाइट कंपनीला. तिची यू आकाराची जाड पोलादी कुलुपं मजबुतीबद्दल नावाजलेली. किल्ली नळीच्या आकाराची, गोल. सप्टेंबर २००४ मध्ये एका सायकलस्वाराने जाहीर लिहिलं की साध्या बॉलपेनची प्लास्टिकची नळी त्या गोल भोकात दाबून फिरवली की कुलूप उघडतं. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून कोणी कोणी घरी करून पाहिलं आणि त्याचे व्हिडिओ टाकले. मऊ प्लास्टिक आत दाबलं जातं, आतल्या खाचांचा आकार घेतं, मनगट थोडं इकडेतिकडे केलं की झालं. तिथून ते ब्लॉगांवर आणि काही दिवसांत मोठ्या वर्तमानपत्रांत गेलं. कंपनीचं सुरुवातीचं निवेदन होतं की आमची कुलुपं अजूनही चोरीला आळा घालतात. ज्याने स्वतःच्या हाताने पेन फिरवून कुलूप उघडलंय त्याला असं निवेदन वाचून काय वाटलं असेल! दहाएक दिवसांत कंपनीने कुलुपं मोफत बदलून द्यायची योजना काढली आणि पुढे साडेतीन लाखांहून अधिक कुलुपं बदलून दिली.

या प्रकरणातला मला खरा मोलाचा वाटणारा भाग त्याच्याही मागे आहे. पेनाने अशी कुलुपं उघडता येतात हे एका ब्रिटिश सायकल मासिकाने १९९२ सालीच छापलं होतं. तेव्हा काहीही झालं नाही. दोष तोच, युक्ती तीच, आणि मध्ये बारा वर्षं गेली. मासिकाचा अंक रद्दीत गेला की बातमीही गेली. २००४ मध्ये वाचणारा नुसता वाचून थांबत नव्हता, करून पाहत होता आणि आपली साक्ष त्यात जोडत होता. एवढ्या साक्षींना एका निवेदनाने उत्तर देता येत नाही.

डेलचं प्रकरण याच्या पुढचं. जून २००५ मध्ये पत्रकार जेफ जार्विस यांनी नव्या लॅपटॉपच्या आणि घरपोच दुरुस्तीच्या मनस्तापाबद्दल आपल्या ब्लॉगवर लिहायला सुरुवात केली. 'मलाही हाच अनुभव' म्हणणाऱ्यांची रीघ लागली. डेलने बराच काळ ते अंगाला लावून घेतलं नाही. जुलै २००६ मध्ये कंपनीने स्वतःचा ब्लॉग काढला. त्याच सुमाराला ओसाका शहरात भर बैठकीत पेटलेल्या डेल लॅपटॉपचे फोटो जगभर फिरत होते. कंपनीच्या ब्लॉगवर लिहिणाऱ्या लायोनेल मेंचाका यांनी तो विषय टाळला नाही, स्वतःहून काढला. ऑगस्टमध्ये कंपनीने ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. २००७ मध्ये ग्राहकांनी सूचना मांडाव्यात म्हणून तिने एक खुली जागा केली, आणि त्याच वर्षी जार्विस यांनीच लिहिलं की डेल ऐकायला शिकली आहे.

मी तक्रारींच्या टेबलावर बसते, म्हणून या कथेत मला जार्विस यांच्यापेक्षा मेंचाका जास्त जवळचे वाटतात. आपल्याच कंपनीचं यंत्र पेटलंय हे कंपनीच्याच जागेवर लिहायचं म्हणजे काय, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. वरून फोन येतो, कायदा खात्यातून येतो, 'अजून तपास चालू आहे' एवढंच लिहा म्हणून सांगतात. आमच्या क्षेत्रात अशा वेळी माणूस गप्प बसतो, कारण गप्प बसल्याबद्दल आजवर कोणाची नोकरी गेलेली नाही.

लिहिल्याबद्दल मात्र गेली आहे. २००५च्या जानेवारीत गूगलमध्ये नव्याने रुजू झालेला एक इंजिनियर तिथल्या कामाबद्दल ब्लॉग लिहीत होता. त्याची नोकरी थोड्याच दिवसांत गेली. दुसऱ्या बाजूला त्याच वर्षी आयबीएमने ब्लॉग लिहिण्याचे नियम कर्मचाऱ्यांकडूनच लिहवून घेतले. स्वतःच्या नावाने लिहा, आपण कंपनीत आहोत हे लपवू नका, जे लिहाल त्याची जबाबदारी तुमची. मायक्रोसॉफ्टमध्ये रॉबर्ट स्कोबल २००३ ते २००६ या काळात आपल्याच कंपनीच्या मालाला नावं ठेवत आणि प्रतिस्पर्ध्याचं चांगलं असेल तर तसं म्हणत. त्या वेळी मायक्रोसॉफ्टबद्दल बाहेर किती राग होता ते आठवलं तर त्यांच्या लिखाणाने काय साधलं ते लक्षात येईल. ज्याला वाईट म्हणायची मोकळीक आहे त्याने चांगलं म्हटलं तरच ते खरं वाटतं.

मग बोलणं विकत घेण्याचे प्रकार. २००६ मध्ये एक जोडपं मोटारघरातून अमेरिकाभर फिरत, रात्री वॉलमार्टच्या दुकानांबाहेरच्या मोकळ्या जागेत मुक्काम करत आणि भेटलेल्या आनंदी कर्मचाऱ्यांबद्दल ब्लॉग लिहीत होतं. त्या प्रवासाचे पैसे वॉलमार्टच्या बाजूने उभ्या केलेल्या संघटनेकडून येत होते आणि ती उभी करणारी एडेलमन ही प्रसिद्धी संस्था होती, हे बाहेर आलं. संस्थेच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. २००७ मध्ये उघड झालं की होल फूड्स या किराणा दुकानांच्या साखळीचे प्रमुख जॉन मॅकी कितीतरी वर्षं टोपणनावाने शेअर बाजाराच्या चर्चांत स्वतःच्या कंपनीची वाहवा आणि वाइल्ड ओट्स या प्रतिस्पर्धी कंपनीची निंदा करत होते. पुढे त्यांच्या कंपनीने वाइल्ड ओट्सच विकत घ्यायचं ठरवलं, म्हणून तर सरकारी चौकशीत ते सापडलं. मॅकी जे लिहीत त्यातलं काही खरंही असेल. पण ते स्वतःच्या नावाने लिहिलेलं नव्हतं, आणि नाव लपवलेल्या शब्दाची पत उरत नाही.

खोटेपणाचा मोह का होतो हे आकड्यांत दिसतं. अर्थशास्त्रज्ञ मायकेल लुका यांनी सिएटलमधल्या उपाहारगृहांचा अभ्यास करून दाखवलं की ग्राहक जिथे तारे देऊन मत नोंदवतात त्या येल्प या संकेतस्थळावर एक तारा वाढला तर उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं. साखळी उपाहारगृहांवर हा परिणाम दिसला नाही. ज्याचं नाव आधीच ओळखीचं आहे त्याला तारे कमी-जास्त झाल्याने फरक पडत नाही. पडतो तो एकट्यादुकट्याला. एवढी रक्कम ताऱ्यांवर लटकलेली असल्यावर तारे विकणारे उभे राहणारच. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ मध्ये पैसे किंवा फुकट माल घेऊन लिहिणाऱ्या ब्लॉगरने तसं सांगावं असा दंडक घातला, आणि खोट्या रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झाला.

लहान व्यावसायिकांवरचा हा ताण मी जवळून पाहिला आहे. आमच्या कंपनीची यंत्रं वापरणाऱ्या एका बाईंचा छोटा व्यवसाय आहे. कुणीतरी, जो त्यांच्याकडे कधी आलाच नव्हता, नावासारखं नाव पाहून भलत्याच ठिकाणचा राग त्यांच्या पानावर काढून गेला. एक तारा आणि दोन ओळी. ते काढून टाकायला सांगण्यासाठी त्यांनी किती पत्रं लिहिली! मोठ्या कंपनीकडे अशा पत्रांसाठी माझ्यासारखी माणसं असतात. त्यांच्याकडे कामानंतरची रात्र तेवढी होती. अनोळखी माणसाच्या साक्षीची बाजू मी घेते, तेव्हा या बाई माझ्या डोळ्यांसमोर असतात. साक्ष देणाऱ्याचं नाव आणि त्याने प्रत्यक्ष काय वापरलं याचा तपशील नसेल तर तो तारा कोणाच्याही पोटावर मारलेला पाय ठरू शकतो.

आता हे बोलणं कुठे गेलं आहे ते पाहिलं की मला काळजी वाटते. १ जुलै २०१३ रोजी गूगलने आपलं 'रीडर' बंद केलं. अनेकांचे आवडते ब्लॉग एका जागी आणून देणारी ती सोय होती. ब्लॉग त्याच एका कारणाने ओसरले असं म्हणता येणार नाही, पण लोक तोवर फेसबुककडे आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपकडे वळले होते. पत्रकार अलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२ सालीच अशा खासगी देवाणघेवाणीला 'डार्क सोशल' असं नाव दिलं होतं. एकमेकांना खासगीत पाठवलेल्या दुव्यांचा हा व्यवहार कोणाच्या मोजमापात येत नाही.

बंद ग्रुपमध्ये माणसं मोकळी बोलतात, आणि ते मला हवंच आहे. पण तिथे सापडलेलं उत्तर तिथेच बुडतं. शिवाय खबर खरी की खोटी हे तपासायला बाहेरचा माणूस आत नसतो. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेने तोटा जाहीर केला, तेव्हा तिच्या ठेवीदारांत नवउद्योजक आणि त्यांचे गुंतवणूकदार मोठ्या संख्येने होते, आणि ते एकमेकांशी अशाच ग्रुपांतून जोडलेले होते. 'पैसे काढा' हा निरोप फिरला आणि ९ मार्चला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून घ्यायच्या सूचना बँकेकडे आल्या. दुसऱ्या दिवशी नियामकांनी बँक ताब्यात घेतली. बँकेचं दुखणं खरं होतं. व्याजदर वाढल्याने तिच्या रोख्यांची किंमत घसरली होती, ती कुजबुजीने घसरलेली नव्हती. पण सगळे ठेवीदार एकाच वर्तुळातले आणि फोनवरून पैसे हलवू शकणारे असले की सावरायला जो अवधी लागतो तो मिळत नाही.

म्हणून मी अजूनही उघड्यावर, नावानिशी लिहिण्याच्या बाजूने आहे, आणि धंदेवाल्यांनी तर लिहावंच असं म्हणते. २००५ साली लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या नावाजलेल्या रस्त्यावर शिकलेले शिंपी थॉमस माहोन यांनी ब्लॉग लिहायला घेतला. हाताने शिवलेला सूट कसा ओळखायचा, त्याला इतके पैसे का पडतात, दुसरे कोणते शिंपी चांगले आहेत, हेही त्यांनी सांगून टाकलं. ज्या धंद्यात गुपितं राखायची रीत होती त्या धंद्यातला हा माणूस. गिऱ्हाइकं कमी झाली नाहीत, वाढली.

व्हर्जिनियातल्या रिव्हर पूल्सचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. फायबरग्लासचे पोहण्याचे तलाव बसवणारी ही लहान कंपनी २००८च्या मंदीत बुडायच्या बेतात होती. भागीदारांपैकी मार्कस शेरिडन यांनी एक साधं काम हाती घेतलं. गिऱ्हाईक विक्रीच्या वेळी जे जे विचारतं त्याचं उत्तर लिहायचं, एका प्रश्नाला एक नोंद. पहिला प्रश्न अर्थातच किती पैसे पडतील. त्या धंद्यात त्याचं उत्तर कोणीच जाहीर देत नव्हतं. शेरिडन यांनी दिलं, कमी कशात आणि जास्त कशात जातं ते समजावून दिलं. मग फायबरग्लासच्या तलावात काय काय अडचणी येतात तेही लिहिलं. रिचमंडमधल्या चांगल्या तलाव बांधणाऱ्यांची यादी दिली, त्यात स्वतःचं नाव घातलं नाही. तलाव घ्यायच्या विचारात असलेला माणूस आधी काय शोधणार, तर पैसे, अडचणी आणि दुसरं कोण बरं. तिन्ही प्रश्नांना उत्तर द्यायला हा एकच विक्रेता पुढे आला होता. कंपनी तगली, आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनेही तिची दखल घेतली.

आमच्याकडे दुरुस्ती करणाऱ्या इंजिनियरांचा एक ग्रुप आहे. कंपनीने काढलेला नाही, त्यांनीच काढलाय. कुठल्या यंत्राचा कुठला भाग दमट हवेत लवकर जातो, कुठला स्क्रू आवळताना हात हलका ठेवायचा, अशी जी माहिती आमच्या पुस्तिकेत नाही ती तिथे रोज पडते आणि रोज वाहून जाते. ती ज्याची त्याने आपल्या नावाने उघड लिहावी, ग्राहकांना वाचता येईल अशी, हा माझा आग्रह. इंजिनियर तयार आहेत. वरच्यांचे आक्षेप दोन. प्रतिस्पर्धी वाचतील, आणि आपल्या यंत्रात खोट आहे हे ग्राहकांना कळेल. पहिल्यावर मी सांगितलं की माहोन यांचं लिखाण इतर शिंप्यांनाही वाचता येत होतंच, पण कापड कापायला हात लागतो. दुसऱ्यावर माझ्या टेबलावरच्या तक्रारींचा गठ्ठा नेऊन दाखवला. खोट आहे हे ग्राहकांना आधीच कळलेलं आहे. ती आम्हाला माहीत आहे की नाही, एवढंच त्यांना कळलेलं नाही.

परवानगी मिळाली, पण प्रसिद्ध होण्याआधी प्रत्येक नोंद प्रसिद्धी खात्याने पाहावी, या अटीवर. नोंद एका इंजिनियरने लिहायची, दुसऱ्या अनुभवी इंजिनियरने तपासायची आणि दोघांचीही नावं खाली द्यायची, असा उलट मसुदा मी पाठवला आहे. प्रसिद्धी खात्याची पायरी त्यात नाही, आणि ती मी घालणारही नाही.